तीन लिफाफे

"इथे सही कर. तारखेसकट," हे म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्या पुढ्यात सरकवला.

माझे दोन्ही हात कणकेत होते. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला परात, दुसऱ्या बाजूला तीन लिफाफे आणि मधे कात्री, स्टेपलर, हिरव्या शाईचं पेन, असा आमच्या घरचा रविवार मांडलेला होता. लिफाफे ह्यांनी अकराच्या ठोक्याला उघडले होते. आधी एक, मग सवडीने दुसरा, असं चालत नाही. तिन्ही बंद आहेत हे सगळ्यांना दाखवायचं, तिन्हींच्या कडा कापायच्या आणि मगच आत डोकवायचं. सगळ्यांना म्हणजे मला.

"कसली सही?"

"तुलनात्मक तक्ता आहे. समितीची सदस्य म्हणून कर."

"आणि दुसरी सदस्य?"

दुसरी सदस्य, म्हणजे आमची मुलगी ज्ञानदा, सोफ्यावर पाय वर घेऊन तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसली होती. पंधरा मिनिटांत तिने पान उलटलं नव्हतं.

"मैं इस कमिटी में नहीं हूं," पेपरामागून आवाज आला. "मेरी लिस्ट ही काट दी, तो मैं क्या करूं? आप ही कर लो, बाबा."

'तांत्रिक सदस्य गैरहजर,' असं ह्यांनी तक्त्याखाली लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटं ओढणीला पुसली आणि सही ठोकली. वाचलं काहीच नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला त्यात माझाही वाटा आहे.

आमचे हे, म्हणजे नंदकुमार वाळिंबे, मूळचे वाईचे. चंडीगडच्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत खरेदी विभागात ते सत्तावीस वर्षं आहेत. कापसाच्या गुंडाळीपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत संस्थेत जे काही येतं ते यांच्या हाताखालून जातं. नाकासमोर चालणारा माणूस. दुकानदाराने दिवाळीला पाठवलेला मिठाईचा डबा ते त्याच रिक्षाने परत पाठवतात आणि रिक्षाचे पैसे स्वतः देतात. ऑफिसात या स्वभावाचं कौतुक होत असेल. पण घरात पंखा घ्यायचा झाला तरी तीन कोटेशनं, तक्ता, समिती आणि फाईल. गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा या फायलींनी भरलेला आहे. फ्रिजची फाईल, मिक्सरची फाईल, ज्ञानदाच्या पहिल्या सायकलची फाईल, सगळ्यांना नंबर, सगळ्यांना लाल नाडी. त्या कप्प्याला मी कधी हात लावला नाही. गरजही पडली नाही, कारण कुठलाही कागद मागा, दोन मिनिटांत हातात.

एखादी वस्तू आवडली म्हणून त्यांनी घरी आणली, असं मात्र कधी झालं नाही. पडदे असोत की चपला, तक्त्यात जे पहिलं येईल ते घरात येणार. "आवडला का?" असं विचारलं तर "चालेल की," हे उत्तर ठरलेलं.

आणि इथेच मला एक काटा टोचत राहिला होता. लग्न झालं तेव्हा सासूबाई कौतुकाने चारचौघांत सांगायच्या, "तीन स्थळं पाठवली होती हो नंदूला चंडीगडला. एक कराडचं, एक इस्लामपूरचं आणि एक सांगलीचं. त्यातून ही सांगलीची निवडली." बाकीच्या बायका हसायच्या, मीही हसायचे. मग ह्यांच्याबरोबर इकडे आले, तक्ते पाहिले, आणि माझ्या डोक्यात आपोआप एक तक्ता तयार झाला. उंची, शिक्षण, रंग, स्वयंपाक. तीन रकाने, आणि सांगली पहिली. मी चोवीस वर्षं यांची थट्टा करत आले, "माझी पण फाईल असेल ना हो?" आणि हे दर वेळी चष्मा पुसायला घ्यायचे. थट्टेत विचारलं तरी मला उत्तर हवं होतं. ते कधी मिळालं नाही.

आता कॉम्प्युटरचं सांगते.

ज्ञानदा इंजिनिअर झाली आणि तिला पुण्याला नोकरी लागली. वीस जुलैला अंबाल्याहून झेलम एक्सप्रेस पकडायची हे ठरलं. बावीस वर्षांची मुलगी, जन्म इथला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर येणार हिंदीत. ती आता पुण्यात जाऊन राहणार आणि आम्ही मराठी माणसं चंडीगडात, हा एक विनोदच होता. जायच्या आधी घरी कॉम्प्युटर बसवून द्यायचा, आम्हाला ईमेल शिकवायची, असं तिच्या मनात होतं.

"एसटीडी पे बाबा तीन मिनट में फोन रख देते हैं," ती म्हणाली. "मेल में तो लिखेंगे ना कुछ."

तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून ती स्वतःच जोडणार होती. तिने वहीच्या एका पानावर यादी केली. त्यात दोन गोष्टींखाली दोनदा रेघ मारली होती, मदरबोर्ड आणि प्रोसेसर. मी विचारलं, हे काय असतं. ती म्हणाली, "देखो आई, मदरबोर्ड मतलब अपना ओटा. प्रोसेसर मतलब गॅस. बाकी सब बाद में बदल सकते हैं. ये दोनों एक बार में सही चुनने पडते हैं." तिने चार दिवस मैत्रिणींना फोन करून, मासिकं चाळून ते दोन निवडले होते. प्रोसेसर पेंटियम थ्री आणि त्याच्याच जोडीचा बोर्ड, नावानिशी, मॉडेलच्या नंबरासकट.

ह्यांनी यादी घेतली, चष्मा चढवला आणि हिरव्या पेनाने दोन्ही नावं खोडली.

"बाबा!"

"अगं, कंपनीचं नाव लिहून कोटेशन मागवता येत नाही. पक्षपात होतो. ऑडिटवाले धरतात."

"घर में कौनसा ऑडिट?"

"सवय चांगली असावी," हे म्हणाले, आणि त्यांनी शांतपणे नवीन कागद घेतला. बाब एक, प्रोसेसर, वेग आठशे मेगाहर्ट्झ किंवा अधिक. बाब दोन, मदरबोर्ड, चांगल्या प्रतीचा, वॉरंटीसह. बाब तीन, चार, असं खाली मॉनिटरपर्यंत. प्रत्येक बाबीला ज्याचा भाव कमी त्याच्याकडून ती बाब घ्यायची. सलाइन एकाकडून, सुया दुसऱ्याकडून, हीच पद्धत.

ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यादी खोडली म्हणून नव्हे. "चार दिन लगाए मैंने," एवढंच ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "एक बार पूछते तो सही, क्यों चुना." मला तिचं दुःख नेमकं कळलं. मी तिची आई होते, आणि माझाही एक रकाना होता.

मग हे स्कूटरवर कोटेशनं मागायला निघाले. सेक्टर वीसमध्ये इंद्रजित सिंगांचं दुकान, पंचकुल्यात नरेश नावाच्या माणसाचं, आणि इंडस्ट्रियल एरियात एक घाऊक व्यापारी. वीसमध्ये मीही बरोबर होते, भाजी घ्यायची होती म्हणून. इंद्रजित सिंग पन्नाशीचे, पगडी गुलाबी, पोट काउंटरला टेकलेलं. ह्यांनी बंद लिफाफ्यात भाव द्या म्हटल्यावर त्यांनी ह्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"लिफाफे विच? बाऊजी, कंप्यूटर लैणा है के शगुन पाणा है?"

"सील करके," हे म्हणाले. लग्नाच्या आहेराच्या पाकिटाची ती थट्टा त्यांनी मनावर घेतली नाही.

"भाभीजी, घर विच वी इंज ही करदे ने?"

मी म्हटलं, "घर में तो इससे ज्यादा." सरदारजी खदखदून हसले, आणि लिफाफा मात्र त्यांनी वेळेत दिला, तोही लाख लावून.

तर असे ते तीन लिफाफे एक जुलैच्या रविवारी उघडले गेले, आणि मी कणकेच्या हाताने सही केली.

पुढच्या रविवारी सगळं सामान घरात आलं. बोर्ड इंद्रजित सिंगांचा, प्रोसेसर पंचकुल्याच्या नरेशचा, बाकीचं इंडस्ट्रियल एरियातलं. ह्यांनी खोक्यांना हळदकुंकू लावलं. मी शिरा केला. ज्ञानदाचा राग आठवडाभरात पुष्कळसा उतरला होता, कारण स्क्रूड्रायव्हर हातात आला की ती आपोआप खुशीत येते. ती जमिनीवर मांडी घालून बसली, बोर्ड वर्तमानपत्रावर ठेवला, प्रोसेसरचं पाकीट फोडलं. चौकोनी तुकडा, पोटाखाली बारीक सोनेरी सुया. बोर्डावरही तसाच चौकोन, बारीक भोकं असलेला. तिने तो तुकडा त्यावर धरला. फिरवला. परत धरला. मग पाकीट उचलून वाचलं, बोर्डाचं खोकं वाचलं, आणि दोन्ही खाली ठेवलं.

"क्या हुआ?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना कधीकधी मीही हिंदीत जाते.

"नहीं बैठेगा."

"जोर लाव थोडा," हे म्हणाले.

"बाबा, जोर की बात नहीं है. ये एक कंपनी का है. ये बोर्ड दूसरी कंपनी का प्रोसेसर लेता है, पेंटियम. इसकी पिन्स अलग, उसके छेद अलग." ती यांच्याकडे बघत नव्हती. "इसलिए तो मैंने दोनों का नाम लिखा था. साथ में."

शिऱ्यावरचं झाकण वाफेने थडथडत होतं. हे हळूच खाली बसले, त्यांनी प्रोसेसर तळहातावर घेतला, बोर्डावर धरून पाहिला, आणि तो खरंच बसत नाही याची स्वतः खात्री करून घेतली. मग फाईल मागवून तक्ता वाचला. बाब एक, बरोबर. बाब दोन, बरोबर. दोन्ही बाबी अगदी नियमाप्रमाणे, आणि एकत्र काही उपयोगाच्या नाहीत.

आणि मला एकदम माझीच लाज वाटली. मी सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. पेशंटचं रक्त आणि पिशवीतलं रक्त दोन थेंब एकत्र करून पाहिल्याशिवाय, क्रॉसमॅच केल्याशिवाय, मी एकही पिशवी खिडकीबाहेर जाऊ दिलेली नाही. डॉक्टर ओरडोत, नातेवाईक हात जोडोत, आधी क्रॉसमॅच. आणि घरातल्या कागदावर न वाचता सही.

"चूक झाली," हे म्हणाले. "सत्तावीस वर्षांत अशी झाली नव्हती."

"झालीच असेल," मी म्हणाले. "संस्थेत सगळं जोडून बघायला तुम्ही कुठे जाता?"

हे बोलायला नको होतं. यांचा चेहरा इतका पडला की ज्ञानदाच उठून शिरा वाढायला लागली. शिरा छान झाला होता. तिचे बारा दिवस उरले होते.

सोमवारी बाजार बंद. मंगळवारी ह्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांच्या रजेच्या अर्जावर कारणाच्या जागी काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण खोटं लिहिलं नसणार. हे स्कूटरवर आणि ज्ञानदाच्या कायनेटिकवर मागे मी, असे आम्ही सेक्टर वीसला पोचलो. वाटेत पंचकुल्याला फोन झाला होता. पाकीट फोडलेला प्रोसेसर परत घेणार नाही, असं नरेश म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

इंद्रजित सिंगांनी बोर्ड पाहिला, प्रोसेसर पाहिला, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि हसू दाबायचा मनापासून प्रयत्न केला.

"बाऊजी, पैर किसे दा, जुत्ती किसे दी?"

"मेरी गलती है," हे म्हणाले. यांची हिंदी अशा वेळी फार सरळ होते.

"ओ कोई गल नहीं जी. बोर्ड नूं खरोंच वी नहीं लगी. मैं बदल देना वां. एस प्रोसेसर वाला बोर्ड है मेरे कोल. दस मिनट दा कम." त्यांनी मागच्या फळीवरून दुसरं खोकं काढलंसुद्धा. "वधिया चलेगा. बेटा, ठीक है ना?"

सुटका झाली, असं मला वाटलं. ज्ञानदालाही वाटलं असणार. तिने खोकं हातात घेऊन वाचलं आणि मान डोलावली. "चलेगा, अंकल."

हे काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. ते तिच्याकडे वळले.

"तुला हा हवा आहे?"

"चलेगा ना, बाबा. ये भी अच्छा है. प्रोसेसर फालतू नहीं जाएगा."

"चालेल ते मी आयुष्यभर घेत आलोय," हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण दुकानातलं दुसरं गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं. "चालेल ते नको सांगूस. तुला हवा कोणता?"

ज्ञानदा खोक्याकडे बघत राहिली. इंद्रजित सिंग खोकं पुढे करून थांबले होते. मला वाटलं, मी बोलले तर रडेन, आणि कॉम्प्युटरच्या दुकानात रडायला कारण काय सांगणार?

"मी लिहिला होता तोच," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मी दोन्हींचं सगळं वाचलं होतं, बाबा. घरी तुम्ही दोघंच असणार. मधेच काही बिघडलं तर कोण बघणार? म्हणून मी तो निवडला."

"हे तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत चढवला.

"सरदारजी, बोर्ड हाच राहू द्या," हे मराठीतच बोलून गेले, मग सावरून हिंदीत आले. "बोर्ड यही रहेगा. बिटिया ने जो लिखा था, वो प्रोसेसर दीजिए."

"ते एह वाला?" इंद्रजित सिंगांनी पंचकुल्याचा तुकडा दाखवला.

"वो मेरे पास रहेगा."

"कोटेशन नहीं चाहीदी?"

"नहीं."

"लिफाफा वी नहीं?"

"नहीं चाहिए," हे म्हणाले, आणि चक्क हसले. सरदारजींनी नोकराला चार चहा सांगितले. वाळिंब्यांना दुकानदाराचा चहा पिताना मी चोवीस वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते.

त्या संध्याकाळी प्रोसेसर बोर्डावर असा अलगद बसला की त्याचा आवाजही झाला नाही. पडदा उजळला तेव्हा शेजारच्या सुनेत्राताईसुद्धा येऊन बघून गेल्या. पुढचे दहा दिवस आमच्या घरात शाळा भरली. हे माउस शिक्क्यासारखा धरायचे, उचलून आपटायचे आणि "उमटलं नाही," म्हणायचे. ज्ञानदा हसून हसून लोळायची. मग त्यांचा हात आपल्या हाताखाली धरून ती तो माउस सावकाश सरकवायची. तिच्या लहानपणी पाटीवर हाच हात असा फिरला होता, फक्त तेव्हा वरचा हात यांचा होता. मोडेम लावला की नळ कोरडा पडल्यासारखी घरघर व्हायची आणि हे आदराने उठून उभे राहायचे. मी मात्र दोन दिवसांत शिकले. हे मी सगळ्यांना सांगते.

वीस तारखेला अंबाल्याला झेलम चाळीस मिनिटं उशिरा आली आणि आम्हाला ती चाळीस मिनिटं कमीच वाटली. गाडी सुटल्यावर हे शेवटचा डबा जाईपर्यंत डब्यांचे नंबर वाचत उभे होते. घरी आल्यावर तिच्या खोलीचं दार मी लोटून घेतलं, ह्यांनी ते पुन्हा उघडून ठेवलं.

आठवड्याने तिची मेल आली. रोमन अक्षरांत, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. पुण्यात रिक्षावाले कुठेच यायला तयार नाहीत, ऑफिसात सगळे तिच्याशी इंग्रजीत बोलतात आणि ती हट्टाने मराठीत उत्तर देते. खाली माझ्यासाठी वेगळं लिहिलं होतं. 'आई, बोर्डच्या वॉरंटी कार्डावरचा नंबर पाठव. बाबांच्या फाईलमध्ये आहे. तूच काढ. आखरी पन्ना जरूर पढना.'

हे भाजी आणायला गेले होते. मी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. कॉम्प्युटरची फाईल सगळ्यात वर होती. वॉरंटी कार्ड मिळालं. त्याच्यामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत तो पंचकुल्याचा प्रोसेसर स्टेपल केला होता आणि खाली लिहिलं होतं, 'नमुना. जोडून न पाहता घेतलेला.' शेवटच्या पानावर ह्यांच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात टिपण होतं.

'प्रोसेसर एकाच दुकानातून, कोटेशन न मागवता घेतला. कारण, तांत्रिक सदस्याला तोच हवा होता. हे नियमात बसत नाही. पूर्वी असे एकदा केले आहे. पाहा फाईल क्रमांक १/७७. मंजुरीसाठी सादर.'

त्याखाली ज्ञानदाची सही होती. 'मंजूर,' असं तिने मराठीत लिहिलं होतं, मोठ्या, जरा लहान मुलीसारख्या अक्षरात.

एक नंबरची फाईल स्कूटरची असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी कप्प्यासमोर जमिनीवर बसले आणि ढीग उपसला. सगळ्यात तळाशी ती होती. नाडीचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता.

आत तीन लिफाफे होते. तिन्हींवर सासूबाईंचं अक्षर. पहिल्यावर 'सांगली' लिहिलेलं. त्याची कड ब्लेडने सरळ कापलेली होती आणि तो रिकामा होता. त्यातला फोटो यांच्या ऑफिसच्या टेबलावर काचेखाली असतो, तो मी पाहिला आहे. सगळेच ठेवतात तसा ठेवला असेल, असं मला वाटायचं. दुसऱ्या लिफाफ्यावर 'कराड', तिसऱ्यावर 'इस्लामपूर'. ते दोन्ही बंद होते. डिंक पिवळा पडला होता, पण कडा शाबूत होत्या. चोवीस वर्षांत त्यांना कुणी नखही लावलं नव्हतं.

शेवटी एक कागद होता, अक्षर ह्यांचंच, फक्त थोडं तरुण.

'आईकडून तीन लिफाफे एकदम मिळाले. पहिला उघडला. उरलेले दोन उघडावेत असे वाटले नाही. तक्ता केलेला नाही. हे नियमात बसत नाही, याची जाणीव आहे. पहिलेच हवे आहे. मंजुरीसाठी सादर.'

खाली सहीची जागा सोडलेली होती. ती कोरीच होती. विचारायचं कुणाला हे त्यांना समजलं नसावं, आणि जिला विचारायचं तिला विचारायचा धीर झाला नसावा.

बाहेर फाटकाशी स्कूटर लागल्याचा आवाज आला. मग पिशवी ओट्यावर ठेवल्याचा. मग "शैला, भेंडी कोवळी मिळाली गं," असा यांचा आवाज.

"आले हो," मी म्हणाले.

दोन बंद लिफाफे मी उघडले नाहीत. जसे होते तसे परत ठेवले. कागद मात्र घेतला, चष्मा लावला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचला, आणि मग तारखेसकट सही केली.